ओले तळवे

अवीनोला जाग आली आणि तिने सगळ्यात आधी पाय चाचपले. पुन्हा ओले. नुसते दमट नव्हेत, घोट्यापर्यंत चिंब आणि गार. उशीखालचा मोबाइल काढून पाहिला तर तीनला दहा मिनिटं कमी होती. काल पाच कमी होती, परवा बरोबर तीन. कुणीतरी घड्याळ लावून उठवावं तशी रोज याच सुमाराला तिला जाग येत होती.

शेजारी दोन वर्षांची अमोंडी तोंड उघडं टाकून झोपली होती. नवऱ्याची बाजू रिकामी. अंधाऱ्या पंधरवड्यात आमच्या किनाऱ्यावरचे बहुतेक पुरुष रात्री सरोवरात असतात. होडीवर दिवे लावले की ओमेना, ती बोटाएवढी पांढरी मासळी, उजेडाला भुलून वर येते. चांदण्यात ती फिरकत नाही, मग नवरे घरी घोरतात. ओगोला घरी असला की अवीनो मेल्यासारखी झोपायची. जाग यायची ती फक्त काळोखाच्या रात्री, आणि नेमकं हेच तिला भेडसावत होतं.

तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. अडसर भिंतीला टेकून उभा होता. झोपताना तो तिने स्वतः खोबणीत घातला होता, दोनदा हलवून पाहिला होता. आदल्या रात्री तर त्याला दोरीही बांधली होती. सकाळी त्या दोरीची छान गुंडाळी करून कुणीतरी खुंटीला अडकवून ठेवली होती, अगदी अवीनो स्वतः ठेवते तशी. चोर असता तर सायकल गेली असती, भांडी गेली असती. घरातली काडी हलली नव्हती. घरात शिरून माणसाचे पाय भिजवून जाणारा हा कसला चोर?

बाहेर पाणी ओतल्याचा आवाज झाला. मग पावलं, हलकी, सावकाश, लांब लांब जाणारी. अवीनोने पोरीला पोटाशी ओढलं आणि देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर एकही नाव आठवेना. उजाडेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

आमच्या कोडिरा वाडीत मध्यरात्री जाग येणं ही साधी गोष्ट नाही. म्हाताऱ्यांनी लघवीला उठावं, त्यांना माफ आहे. बाकी कुणी उठलं की त्याचा अर्थ लागलाच पाहिजे, आणि तो लावायला माणसांचा तोटा नसतो. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी अवीनोच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या. पांढरे झगे घालणाऱ्या प्रार्थनामंडळीतल्या प्रेषिताने डोळे मिटून सांगितलं, की तीनचा प्रहर दोघांचाच असतो, एक देवाचा आणि दुसरा त्यांचा. तुला कोण उठवतंय ते तूच ओळख. एवढं सांगून त्याने एक कोंबडी नेली.

"त्यांचा म्हणजे कुणाचा, हे काय सांगायला हवं?" मिलिसेंट म्हणाली. ही तिची मोठी जाऊ. दोघी किनाऱ्यावर जाळ्यांवर ओमेना पसरत होत्या. "अगं, परवा आमच्या दारावर कुणीतरी हात फिरवला. असा, वरपासून खालपर्यंत. आधी ढकललं, मग हात फिरवला. ओडुंडो त्या रात्री होडीवर गेला नव्हता, तर माझा हा नवरा खाटेखाली गेला, मर्दगडी!"

"आणि तुम्ही?"

"मी त्याच्याही आधी गेले होते. जागाच नव्हती त्याला." मिलिसेंट हसली आणि लगेच गप्प झाली. "चेष्टा नाही गं. शाळामास्तरांचंही दार वाजलं. जाजुओक आहे वाडीत."

अवीनोच्या हातातली मासळी खाली सांडली. जाजुओक म्हणजे काही भूत नव्हे. भूत परवडलं. जाजुओक दिवसा तुमच्याआमच्यासारखाच माणूस असतो, नमस्कार करतो, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो. रात्री मात्र त्याच्या अंगात धाव येते. कपडे टाकून तो वाडीभर फिरतो, दारं ढकलतो, पत्र्यांवर दगड टाकतो. जीव घेत नाही, पण ज्या घरात जाजुओक निघाला त्या घराशी कुणी सोयरीक करत नाही, त्याच्या चुलीवरचं कुणी खात नाही. आणि सून जाजुओक निघाली तर तिला माहेरची वाट दाखवतात. लेकरं मात्र बापाच्या कुळाची. ती मागेच राहतात.

"माझ्याच दाराशी रोज का येतो मग?" अवीनोने विचारलं. ओल्या पायांचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, मिलिसेंटलाही नाही. ते सांगायची तिला लाज वाटत होती, का ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

"घरचाच असेल," मिलिसेंट आवाज खाली घेऊन म्हणाली. "परक्या दाराशी ते एकदा येतात. रोज येतात ते घरच्यांच्याच."

ही गोष्ट अवीनोच्या डोक्यात घर करून बसली. आवारात घरं तीनच. एक तिचं, एक मिलिसेंटचं आणि मधलं सासूचं.

सासूचं नाव दोमितिला. वय पासष्टीच्या पुढे, अंगाने काटकुळी, हात मात्र मातीची मडकी थापून थापून गड्यासारखे. गुरुवारच्या बाजारात तिची मडकी दुपारच्या आत संपायची. जीभ मोठी तिखट. सुनेला तिने लग्नापासून नावाने हाक मारली नव्हती, माहेरच्या गावावरून "उयोमावाली" म्हणायची, आणि तेही असं, की उयोमाची सगळी माणसं ऐतखाऊ आहेत हे ऐकणाऱ्याला आपोआप कळावं. पावसाच्या सुरुवातीला अवीनोचं दुसरं बाळ गेलं. आठ दिवसांचा मुलगा. त्याला घरामागे पुरलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी दोमितिला दारात येऊन उभी राहिली होती. आत नाही आली. आमच्याकडे सासू मुलाच्या झोपायच्या घराचा उंबरा ओलांडत नाही. ओलांडला तर चिरा नावाचा शाप लागतो, घरातलं माणूस झिजून झिजून जातं. उंबऱ्याबाहेरूनच ती म्हणाली, "रडून झालं का, उयोमावाली? मग उठ. पेरलेल्या ज्वारीला पाखरं लागलीत." अवीनोने ते वाक्य विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला होता. ते विसरलं जात नव्हतं.

त्या रात्री जाग आली तेव्हा ती पोरीला ओढून बसली नाही. पाय ओले, दार किंचित उघडं, बाहेर तीच पावलं. ती सरपटत दारापर्यंत गेली आणि फटीला डोळा लावला.

ताऱ्यांच्या उजेडात अंगणात दोमितिला उभी होती. अंगावर एकच फडकं, तेही एका खांद्यावरून सुटलेलं. डोकं उघडं. हातात घमेलं. तोंड अवीनोच्या दाराकडे, आणि म्हातारी पाठमोरी न होता एकेक पाऊल मागे मागे सरकत होती. मागे चालणारी माणसं कोण असतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घमेल्यातलं पाणी तिने शेराच्या कुंपणाशी ओतलं, पुन्हा एकदा दाराकडे टक लावून पाहिलं आणि ती अंधारात नाहीशी झाली.

अवीनोने फडक्याचा बोळा तोंडात कोंबला.

सकाळी दोमितिला नेहमीसारखी चिखल तुडवत होती. "काय गं उयोमावाली, डोळे असे का? झोपत नाहीस का रात्रीची?" तिने विचारलं. आवाजात नेहमीचा खवचटपणा होता, पण ती अवीनोच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. अवीनोला वाटलं, विचारतेय की हसतेय?

"झोपते की, आई."

"झोप. आणि पोरीला माझ्याकडे निजव. तुझ्याकडे गार वारा लागतो तिला."

एवढं ऐकलं आणि अवीनोच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगी हवी हिला! जाजुओक आपली धाव नातवंडाला देऊन जातात असं म्हणतात. त्याच दुपारी ती मिलिसेंटच्या स्वयंपाकघरात गेली आणि तिने पाहिलेलं सगळं सांगून टाकलं. ओले पाय तेवढे पोटात ठेवले. सांगून झाल्यावर तिला क्षणभर वाटलं, की हे शब्द परत घ्यावेत. पण मिलिसेंटच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे तिला आधीच माहीत होतं, आणि म्हणूनच तर ती तिथे गेली होती.

मिलिसेंटचा नवरा ओडुंडो हा दोमितिलाचा सावत्र मुलगा, तिच्या मेलेल्या सवतीचा. दोघांत कधीच जमलं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी अवीनोकडे आला आणि दारात उकिडवा बसला.

"ओगोलाला काही कळवू नकोस," तो म्हणाला. "आईचा लाडका तो, बोंब ठोकेल. आम्ही आठजण आज सरोवरावर जात नाही. शेराच्या कुंपणाआड बसतो. तू दार लाव आणि झोप. काहीही ऐकलंस तरी बाहेर येऊ नकोस."

"भावोजी, मारणार तर नाही ना तिला?"

ओडुंडोने जमिनीवर काडीने रेघ ओढली. "पळाली नाही तर नाही."

त्या रात्री अवीनोने अडसर घातला, त्याला दोरी बांधली, दोरीला टेकवून पाण्याची घागर ठेवली. अमोंडीचा पाय आपल्या पायाला फडक्याने बांधला. झोपायचंच नाही असं तिने ठरवलं होतं. बाहेर आठ माणसं काठ्या घेऊन बसलेली आणि आत एक बाई छताकडे डोळे लावून पडलेली. एक वाजला, तो तिने पाहिला. दीड वाजला, तोही पाहिला.

मग कुणीतरी तिचं तोंड दाबलं.

तिने डोळे उघडले, म्हणजे डोळे उघडेच होते, फक्त आता त्यांना दिसायला लागलं. वर छत नव्हतं, आभाळ होतं. पायाखाली गार चिखल होता. ती उभी होती, शाळामास्तरांच्या घरामागे, ज्वारीच्या कडेला, अंगावर फक्त झोपायचं फडकं. तिचा उजवा हात मास्तरांच्या मागच्या दारावर टेकलेला होता, ढकलत असल्यासारखा. तोंडावर मातीचा वास येणारा एक खरखरीत पंजा होता.

"आवाज नको," कानाशी दोमितिला कुजबुजली. "मेलीस बघ ओरडलीस तर."

अवीनोला ओरडायचंही सुचलं नाही. मी इथे कशी आले? घागर? दोरी? पोरगी? पंजा सैल झाला तशी ती पुटपुटली, "पोरगी कुठे आहे?"

"झोपलीय ती. फडकं तूच सोडलंस, तूच दार उघडलंस. रोज उघडतेस." म्हातारीने तिला खसकन ज्वारीत ओढलं. "पण एरवी बहुधा आपल्याच आवारात फिरतेस, मागे एकदा इथवर आली होतीस, आज पुन्हा आलीस, आणि आज नेमके ते मेले बसलेत वाटेवर. तू कुंपणाच्या मागच्या फटीतून निसटलीस, मीही तुझ्यामागून तिथूनच आले, म्हणून आपण त्यांना दिसलो नाही."

"मी? मी रोज..."

"सगळी दारं ढकलतेस. आत कुणी आहे का बघतेस आणि पुढे जातेस. डोळे उघडे, पण हाक मारली तर ओ देत नाहीस. परत आणते, दारात बसवते, चिखल धुते. उंबऱ्याच्या आत मला येता येत नाही, मग पाठीवर हात ठेवला की तू आपली आपण जाऊन पडतेस." दोमितिलाचा श्वास लागला होता. "लागली तुला धाव, लागली! काय करायचं? माझ्या मुलाची बायको तू. चिखलाचे पाय घेऊन सकाळी उठली असतीस तर तू सगळ्यात आधी त्या प्रेषिताकडे पळाली असतीस आणि वाडीभर झालं असतं."

शहरात याला झोपेत चालणं म्हणतात आणि गोळी देतात. आमच्याकडे याला एकच नाव होतं, आणि दोघींनाही तेच ठाऊक होतं. अवीनोला एकदम सगळं दिसलं, खुंटीवरची दोरी, मिलिसेंटच्या दारावर फिरलेला हात. ज्याच्या भीतीने ती महिनाभर थरथरत होती ते तीच होती.

"आई, मी सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही..."

"माहीत आहे. मिलिसेंट आज माझ्याकडे बघून तीनदा थुंकली. तेव्हाच कळलं." म्हातारीने आवाज आणखी खाली आणला. "कुणाला शोधतेस गं त्या दारांमागे? त्या बाळाला?"

मास्तरांच्या कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली होती. कुंपणापलीकडे एक टॉर्च लागली, मग दुसरी, मग चार. ओडुंडोचा आवाज आला, "तिकडे! मास्तरांच्या मागे!" पळणारे पाय, काठ्या कुंपणावर आपटल्याचा आवाज. उजेडाचे पट्टे ज्वारीवर फिरायला लागले.

दोमितिलाने सुनेला खांद्यांनी धरून खाली दाबलं. "इथे बस. ते माझ्यामागे गेले की मागून ओढ्याने घरी जा. पोरीपाशी जा. काही विचारलं तर तू झोपली होतीस. कळलं? तू झोपली होतीस, आणि हे खोटंही नाही."

"आई, नको..."

पण म्हातारी उठली होती. तिने खांद्यावरचं फडकं ओढून फेकून दिलं, वाकून एक दगड उचलला आणि मास्तरांच्या पत्र्यावर असा भिरकावला की सगळी वाडी हादरली. मग ती आपली काटकुळी उघडी पाठ घेऊन उजेडाच्या समोरून धावत सुटली, सरोवराच्या दिशेने, गुडघे दुखणारी बाई धावते तशी, लंगडत. सगळ्या टॉर्च तिच्यामागे वळल्या. "धरा! धरा म्हातारीला!" कुणीतरी आनंदाने ओरडत होतं.

अवीनो ओढ्याने घरी गेली. मागून काठीचा आवाज आला, एकदा, दोनदा, आणि एक किंकाळी. तिसरा आवाज येऊ नये म्हणून ती कानात बोटं घालून धावत होती.

सकाळी चिंचेखाली सगळी वाडी जमली. दोमितिलाला जमिनीवर बसवलं होतं, कुणीतरी दिलेल्या गोणपाटात गुंडाळून, डोक्यावर चुलीची राख टाकून. उजवा हात मनगटापासून सुजून वाकडा झाला होता. तिचा मडक्यांचा हात. ओगोला सरोवरावरून तसाच ओला धावत आला होता आणि आईकडे न बघता मातीत बघत उभा होता. अमोंडी अवीनोच्या कडेवर होती.

वाडीचे थोरले ओलुओच खुर्चीवर बसले होते. "दोमितिला, तू चाळीस वर्षं आमच्यात राहिलीस," ते म्हणाले. "बोल, धावतेस का?"

"धावते," दोमितिला म्हणाली. "लग्नाच्या आधीपासून धावते. तुमचंही दार वाजवलंय, ओलुओच. चादर ओढून घेतलीत तुम्ही डोक्यावरून, फटीतून पाहिलं मी."

माणसं हसली. ओलुओच हसले नाहीत. "जिने पाहिलं तिने पुढे यावं."

मिलिसेंटने अवीनोला कोपराने ढोसलं. चारपाच पावलांचं अंतर होतं, अवीनो ते रेंगाळत चालली. गप्प राहिलं तर घर आपलं, नवरा आपला, कडेवरची पोर आपली. बोललं तर दुपारच्या आत उयोमाची वाट, आणि ही कडेवरची उतरून इथेच ठेवायची. तिने अमोंडीला इतकं घट्ट धरलं की पोरगी कुरकुरली. मग तिची नजर त्या वाकड्या हातावर गेली.

"मी होते," ती म्हणाली. मग मोठ्याने पुन्हा म्हणाली, "मी होते! दारं मी ढकलत होते. आई मला परत आणायच्या. काल पळाल्या त्या मला वाचवायला पळाल्या. त्यांना सोडा."

ओगोलाने मान वर केली. अवीनोने डोळे मिटून घेतले आणि पोरीच्या केसांत तोंड खुपसलं.

मग दोमितिला हसली. खदाखदा, राखेने भरलेलं डोकं मागे टाकून हसली. "ऐका! ऐका हिचं! हिने धावायचं? ही कोंबडीला भिते! अगं ए उयोमावाली, सासूला वाचवायला निघालीस होय? चार वर्षं तुला घालूनपाडून बोलले, त्याची ही परतफेड करतेस?"

"खरं बोलतेय मी! माझे पाय..."

"पोरी, पुरे," ओलुओच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आमच्या आठजणांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण सून असावी तर अशी."

आणि मग सगळ्या बाया रडायला लागल्या. मिलिसेंटने तिला मिठी मारली, "किती गं तुझं मन मोठं," म्हणाली. कुणीतरी अमोंडीच्या हातात ऊस दिला. अवीनो सांगत होती, हात जोडून सांगत होती, ज्वारीत बसले होते, जाऊन बघा, माझी पावलं असतील, आणि ती जितकी सांगायची तितकं तिचं कौतुक वाढत होतं. ओगोलाने तिला खांद्याला धरून बाजूला नेलं. "नको करूस असं," तो रडत म्हणाला. "तिने कबूल केलंय."

निवाडा झाला. दोमितिलाने आवार सोडायचं, दलदलीपाशी जाळी ठेवायचं जुनं खोपट होतं तिथे राहायचं. तिच्या चुलीवरचं कुणी खायचं नाही, तिची मडकी कुणी घ्यायची नाहीत. नेत असताना ती अवीनोच्या जवळून गेली. थांबली नाही, फक्त ओठांतल्या ओठांत म्हणाली, "काळोखाच्या सहा रात्री आहेत अजून. ओगोलाला सोडू नकोस पाण्यावर."

ओगोलाला सोडायचं नाही म्हणजे कसं? होडी दुसऱ्याची, जाळी दुसऱ्याची. संध्याकाळी तो गेला. जाताना म्हणाला, "आता भ्यायचं काही राहिलं नाही. झोप निवांत."

वाडी खरोखरच निवांत झोपली. कित्येक दिवसांनी कुणी दाराला खाट लावली नाही. मिलिसेंटचं घोरणं अंगण ओलांडून ऐकू येत होतं. अवीनो खाटेच्या कडेवर ताठ बसली होती. डोळ्यांना मिरचीचं बोट लावून झालं, मांडीला चिमटे काढून झाले. दहा वाजले, अकरा वाजले. एकदा मान खाली पडली आणि ती दचकून उठली तेव्हा तिचा हात अडसरावर होता. खाटेवरून उठून दारापर्यंत आल्याचं तिला आठवत नव्हतं.

आज बाहेर कुणी नव्हतं. सरोवर तिथून दोन हाकांवर. पाणी गुडघ्याएवढं, मग गळ्याएवढं. आणि तिच्यामागून पोरगी उठली तर? उघड्या दारातून आईमागे निघाली तर?

तिला रडू आलं नाही. तिने अमोंडीला पाठीवर घेतलं, फडक्याची गाठ छातीवर दोनदा मारली, अडसर काढला आणि जागी असताना, पूर्ण शुद्धीत, ती त्या वेळी घराबाहेर पडली. आमच्याकडे या वेळेला बाहेर फक्त एकाच जातीची माणसं असतात.

कुत्री भुंकली. अंगण ओलांडून ती कुंपणाच्या फटीपर्यंत पोचली तोच आजही पाण्यावर न गेलेल्या ओडुंडोच्या खिडकीतून टॉर्चचा झोत तिच्या अंगावर पडला.

"कोण आहे?" आतून घाबरलेला आवाज आला. "कोण आहे तिथे, बोला!"

पळावंसं वाटत होतं. ती थांबली आणि उजेडाकडे तोंड केलं. "मी. अवीनो. ओगोलाची बायको. सासूकडे झोपायला चाललेय."

झोत तिच्या चेहऱ्यावरून पाठीवरच्या पोरीवर गेला, परत चेहऱ्यावर आला. मग आत मिलिसेंटचा आवाज, काहीतरी हळू, आणि खिडकी धाडकन लागली. सकाळी वाडीत काय बोललं जाईल ते अवीनोला आत्ताच ऐकू येत होतं. या वेळी मात्र तिने चिंचेखाली सांगितलेलं सगळं त्यांना पटेल. ती चालू लागली.

दलदलीकडची वाट निसरडी होती. दोनदा ती घसरली, बेडूक ओरडायचे थांबले आणि पुन्हा ओरडायला लागले. खोपटाला दार नव्हतं, नुसती एक चटई लावली होती. तिने हाक मारायच्या आतच आत हालचाल झाली. चटई बाजूला सरली, आणि अंधारातून म्हातारीने डावा हात पुढे करून तिचं तोंड चाचपलं, डोळे, गाल, हनुवटी.

"जागी आहेस की झोपेत?" दोमितिलाने विचारलं.

"जागी आहे, आई."

म्हातारीचा हात अवीनोच्या गालावरून निघाला नव्हता.

"मग बाहेर काय उभी राहिलीस, उयोमावाली," ती म्हणाली. "आत ये. पोरीला वारा लागतोय."